वजनाला 'आभासी' म्हणू नये

कला शाखेच्या विद्यार्थिनीने पदार्थविज्ञानातील एका शब्दाविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हांला दुसऱ्या शाखेतील एखादा विषय 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणून घ्यावाच लागतो. माझ्या बहुतेक मैत्रिणींनी वाणिज्य शाखेकडचा सोपासा विषय पाहून घेतला, मी विज्ञानाकडचा घेतला. "मराठी स्पेशलवाल्या मुलीला न्यूटन कशाला हवा?" असे विचारणारे तेव्हा भेटले. त्यांना उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहिलेला नाही. त्या तासाला फळ्यावर एक शब्द लिहिला गेला आणि तो मला पटला नाही. शब्द मराठी आहे, तेव्हा त्याविषयी चार गोष्टी बोलण्याचा हक्क मराठीच्या विद्यार्थिनीला असावा, एवढीच माझी भूमिका.

तो शब्द म्हणजे 'आभासी वजन'. कोणी 'भासमान वजन' असेही लिहितात. लिफ्टमध्ये उभे राहिलेल्या माणसाला आपण क्षणभर जड झालो किंवा हलके झालो असे वाटते, त्या वजनाला हे नाव आहे. (सरकारी मराठीत लिफ्टला 'उद्वाहन' म्हणतात. उद्वाहनातून वर जातो असे म्हणणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही, म्हणून मी लिफ्टच म्हणते.)

आमच्या महाविद्यालयाला लिफ्ट नाही. म्हणून आम्ही चौघीजणी गावातील एका पाच मजली व्यापारी संकुलात गेलो आणि तेथील रखवालदारकाकांची परवानगी काढून दुपारच्या रिकाम्या वेळी लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवला. आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा ह्या कामी निरुपयोगी ठरतो, कारण पुष्कळशा काट्यांत एकदा आलेला आकडा तसाच धरून ठेवण्याची सोय असते. काट्याच्या स्प्रिंगवर हलणारी सुई हवी. तसा एक जुना काटा एका मैत्रिणीच्या आत्याकडे मिळाला. मी त्यावर उभी राहिले तेव्हा सुई ५२ किलोवर होती. लिफ्ट वर निघताना ती ५५ च्या जवळ गेली, दोन-तीन क्षणांत परत ५२ वर आली आणि पाचवा मजला जवळ येऊन लिफ्ट मंदावू लागली तेव्हा ४९ च्या आसपास उतरली. खाली येताना नेमके उलटे झाले. निघताना ४९, मधल्या सबंध वाटेवर ५२ आणि तळमजल्याला थांबताना ५५.

ह्यातील मधले ५२ पुष्कळांच्या ध्यानात येत नाहीत. वर जाताना माणूस जड होतो आणि खाली येताना हलका, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः लिफ्ट एकसारख्या वेगाने चालली असेल तर ती वर जात आहे की खाली, हे काट्याला कळतच नाही. वेग बदलत असतानाच सुई हलते. वेग बदलण्याच्या ह्या दराला त्वरण म्हणतात. वर जाणारी लिफ्ट वेग घेते तेव्हा त्वरण वरच्या दिशेने असते, आणि खाली येणारी लिफ्ट थांबू लागते तेव्हाही ते वरच्याच दिशेने असते. म्हणून दोन्ही वेळा आपण जड होतो. हिशेब सोपा आहे. पृथ्वीच्या ओढीमुळे होणारे त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. लिफ्टचे त्वरण वरच्या दिशेने १ असेल तर बेरीज १०.८ होते, आणि ६० किलोच्या माणसाचे वजन काट्यावर सुमारे ६६ किलो दिसते. त्वरण खालच्या दिशेने तेवढेच असेल तर ते ५४ च्या जवळ येते. आणि दोर तुटून लिफ्ट निराधार पडू लागली तर शून्य. (लिफ्टला अशा वेळी आपोआप आवळणारे ब्रेक असतात, तेव्हा वाचकांनी जिन्याकडे धाव घेऊ नये.)

आमच्यापैकी एकीच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. तिने हौसेने जुना हाततराजू आणला होता. एका पारड्यात किलोचे माप, दुसऱ्यात किलोभर साखर. लिफ्ट कशीही वर-खाली गेली तरी तराजूचा काटा जागचा हलला नाही. साखर जड झाली तर मापही तितकेच जड होते, हे त्याचे कारण. तराजू वस्तुमान ताडून पाहतो आणि स्प्रिंगचा काटा दाब मोजतो, हा फरक शाळेत आम्ही पाठ केला होता. तेथे तो डोळ्यांनी पाहिला.

आता शब्दाकडे वळते. 'आभास' हा आपल्या भाषेत साधासुधा शब्द नाही. न्यायशास्त्रात 'हेत्वाभास' म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला, अर्थात फसवा युक्तिवाद. काव्यशास्त्रात 'रसाभास' म्हणजे अनौचित्यामुळे बिघडलेला, रसासारखा वाटणारा पण खरा नसलेला रस. ह्याच पदार्थविज्ञानात 'आभासी प्रतिमा' आहे. आरशातली आपली प्रतिमा आभासी, कारण ती पडद्यावर धरता येत नाही, आणि जी धरता येते ती 'वास्तव'. हे मला मान्य आहे. पण मग लिफ्टमधले वजन तर काट्यावर धरता येते! सुई त्याच्या जोराने फिरते, स्प्रिंग दबते, गुडघ्यांना ते कळते. ज्याला साक्षीदार आहेत, ज्याचा आकडा लिहून घेता येतो, त्याला आभास कसे म्हणावे? 'आभासी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात 'खोटे' हा अर्थ उभा राहतोच, मग पुस्तकातली व्याख्या काहीही असो.

हे शब्दांचे खेळ आहेत असे कोणाला वाटत असेल तर मी त्यांना आमच्या घरी घेऊन जाऊ इच्छिते. माझे वडील बाजारसमितीच्या आवारात हमाल आहेत. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पोते पन्नास किलोचे असते, मापाडी ते काट्यावर घालतो आणि पावतीवर पन्नास लिहिले जातात. हमाल ते मानेवर घेतो आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चालत वर जातो. ही फळी चालताना लपकते. लिफ्टचा पाठ शिकून घरी आल्यावर मी वडिलांना हे सारे मोठ्या उत्साहाने समजावून सांगू लागले. त्यांनी जेवता जेवता ऐकून घेतले आणि म्हणाले, "आगं, वझं काट्यावर येक आन् मानंवर दुसरंच आस्तंय. फळी खाली जाऊन उलटली की पोतं मानंत बसतंय." पुढे त्यांनी हेही सांगितले की पावलाची आणि फळीची लय जुळली की झोका वाढत जातो, म्हणून जुना हमाल मध्येच पाऊल मोडून चालतो. अनुनाद हा शब्द त्यांना ठाऊक नाही. तो मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हता.

मी सरांच्या मदतीने हिशेब मांडला. फळी सेकंदाला दोन वेळा वर-खाली होते आणि मधल्या रेषेपासून दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर जाते, असे धरले. तर ती सर्वांत खाली पोचून उलटते त्या क्षणी तिचे त्वरण वरच्या दिशेने सुमारे ३.२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके येते. म्हणजे पन्नासचे पोते त्या क्षणी ६६ किलोसारखे बसते. माणसाचे गुडघे लवचीक असतात, त्यामुळे सगळा हिसका मानेपर्यंत पोचत नाही हे खरे. पण तो हिसका एका खेपेत अनेक वेळा येतो आणि खेपा दिवसभर चालतात. फळी जाड हवी, लपकणारी नको, अशी मागणी हमालांनी केली तेव्हा एका व्यापाऱ्याने उत्तर दिले, "पोतं पन्नासचंच आहे ना? पावती बघा." ह्या माणसाने पदार्थविज्ञान शिकलेले नाही. पण आमच्या पुस्तकातला 'आभासी' हा शब्द जर कोणी त्याच्या हाती दिला, तर तो आनंदाने वापरील. खरे वजन पन्नास, वरचे सोळा आभासी!

माझा राग खरे तर येथे आहे. लिफ्टच्या दारावर '८ व्यक्ती, ५४४ किलो' अशी पाटी असते. ती लिफ्ट ओढणारे पोलादी दोर केवळ तेवढ्याच ओझ्यापुरते निवडलेले नसतात. लिफ्ट सुटताना, थांबताना आणि अडकून हिसका बसताना दोरावर किती जास्त ताण येईल हे धरून, शिवाय वर कितीतरी पट ताकद राखून ते बसवतात. अभियंता त्या जादा ताणाला आभास मानीत नाही. मानला तर माणसे मरतील. पोलादाच्या दोराच्या बाबतीत जो ताण खरा, तो माणसाच्या मणक्याच्या बाबतीत भास का व्हावा?

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईलाही हे कळते. दोर जुना असेल तर ती भरलेली बादली हिसका न देता सावकाश, एका चालीने वर घेते, आणि रिकामी बादली खाली सोडतानाही दोर एकदम आवळून धरीत नाही. दोर तुटला तर बादली आभासाने विहिरीत पडत नाही.

ह्या सर्व प्रकाराला शास्त्रात मोठी परंपरा आहे, हे वाचनातून मला कळले. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात खांद्यावरच्या ओझ्याचाच दाखला घेतला आहे. ओझे खाली जाऊ पाहते आणि आपण त्याला अडवतो, म्हणून ते आपल्याला जाणवते. पण आपणही त्याच वेगाने खाली पडू लागलो तर ते आपल्याला दाबणार कसे? आपल्याइतक्याच वेगाने पुढे पळणाऱ्या माणसाला भाल्याने टोचता येत नाही, तसेच हे, असे तो सांगतो. विचारासाठी त्याने कोणाचा खांदा घेतला, हे मला फार आवडले. पुढे १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइनस्टाइनच्या मनात आले की उंचावरून पडणाऱ्या माणसाला पडतेवेळी स्वतःचे वजन जाणवणार नाही. ह्या विचाराला तो आपल्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचा विचार म्हणत असे. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या १९१७ च्या पुस्तकात त्याने एक पेटी कल्पिली आहे. पेटी आकाशात सर्व ताऱ्यांपासून दूर आहे, तिला वरून दोर बांधून कोणीतरी एकसारख्या त्वरणाने ओढीत आहे, आणि आत एक माणूस आहे. त्याचे पाय जमिनीवर टेकतात, हातातली वस्तू सोडली तर खाली पडते. आपण पृथ्वीसारख्याच एखाद्या ठिकाणी स्वस्थ उभे आहोत असे त्याला वाटते, आणि पेटीच्या आत कोणताही प्रयोग करून त्याला ह्याहून वेगळे सिद्ध करता येत नाही. आतल्या माणसाला जर दोहोंत फरकच दाखवता येत नाही, तर एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे, कारण सरांनी तो घेतलाच. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण, अशी व्याख्या १९०१ सालीच वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने करून ठेवली आहे. त्या व्याख्येप्रमाणे लिफ्टमध्ये माझे वजन बदलतच नाही, बदलते ते पायांखालचा आधार मला किती जोराने वर रेटतो ते. व्याख्या स्पष्ट आहे आणि मी ती मान्य करते. गणिते सोडवताना तिच्यावाचून चालणार नाही. पण त्या व्याख्येतले 'खरे' वजन कोणालाही कधी जाणवलेले नाही, हे त्याबरोबर सांगितले पाहिजे. पृथ्वीची ओढ शरीराच्या कणाकणावर सारखीच लागते, म्हणून ती एकटी असली तर अंगाला तिची खबरही लागत नाही. विहिरीत उडी मारणाऱ्या पोराला पाण्याला लागेपर्यंत हाच अनुभव येतो. आपल्याला कळतो तो आधाराचा रेटा. जन्मापासून आपण ज्याला 'माझे वजन' म्हणत आलो, ते सारे ह्या तथाकथित आभासी वजनाच्या जातीचेच आहे.

शिवाय स्थिर जमिनीवर उभे राहून घेतलेले वजन तरी कोठे शुद्ध असते? पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे आणि तिच्याबरोबर आपण. ह्या फिरण्यामुळे महाराष्ट्राच्या अक्षांशांवर काटा सुमारे ०.३ टक्क्याने कमी दाखवतो. साठ किलोच्या माणसामागे हे सुमारे १८० ग्रॅम झाले. म्हणजे दवाखान्यातल्या काट्यावरचे वजनही काटेकोर बोलायचे तर आभासीच. सबंध पृथ्वी ही एक लिफ्ट आहे आणि आपण तिच्यातून कधी उतरलेलो नाही.

'आभासी' ह्या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले, २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. दोघांनाही तरंगताना आपण पडद्यावर पाहिले, आणि तेथे गुरुत्वाकर्षण नसते असे अजूनही सर्रास लिहिले जाते. ते स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरांवर आहे, आणि तेथे पृथ्वीची ओढ येथल्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. तरंगण्याचे कारण एवढेच की स्थानक आणि आतली माणसे एकत्र पडत असतात. गॅलिलिओचे ओझे आणि खांदा दोन्ही पडत आहेत. म्हणजे पुस्तकाच्या भाषेत अंतराळवीराचे खरे वजन जवळजवळ शाबूत आणि आभासी वजन शून्य. आता त्याची हाडे कोणत्या वजनाला मानतात ते पाहा. वजन पेलणाऱ्या हाडांची घनता तेथे महिन्याला सरासरी एक ते दीड टक्क्याने घटते आणि स्नायू रोडावतात, म्हणून अंतराळवीरांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. नव्वद टक्के 'खरे' वजन कायम असूनही हाडे ठिसूळ होतात. हाडांना पेलायला हवे असते ते ज्याला आपण आभासी म्हणतो, तेच. ह्याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

मग म्हणावे काय? मला प्रथम 'भार' हा शब्द सुचला. पृथ्वी लावते ती ओढ आणि अंगावर येतो तो भार, अशी जोडी मराठीत सहज बसते. भार पडतो, भार सोसवतो, भार हलका होतो. परंतु विद्युतभार आणि प्रभार ह्यांची आधीच गर्दी असल्यामुळे सरांना तो अडचणीचा वाटला. तेव्हा 'जाणवते वजन' असे म्हणावे अशी माझी सूचना आहे. 'भासणे' आणि 'जाणवणे' ह्यांतला भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अंधारात दोरीचा साप भासतो, पायातला काटा जाणवतो.

पारिभाषिक शब्द बदलणे हे एका विद्यार्थिनीच्या हातातले काम नाही, त्यासाठी समित्या असतात. तरी मी ह्या वर्षीच्या माझ्या वहीत सर्वत्र 'जाणवते वजन' असेच लिहिले आहे. सरांनी वही तपासून त्याखाली लाल रेघ मारली नाही. परीक्षेत मात्र कंसात पुस्तकातला शब्दही लिहीत जा, तपासणारे दुसऱ्या महाविद्यालयाचे असतात, असे त्यांनी बजावले आहे, आणि तेवढे मी कबूल केले आहे.